क्रेनवरचा मेहुणा

बायकोच्या माहेरचं म्हणून जे काही माझ्या वाट्याला आलं, त्यातली सगळ्यात उंचावरची वस्तू म्हणजे माझा मेहुणा. तो टॉवर क्रेन चालवतो. मोठ्या बांधकामावर तो पिवळा, उंच, एक हात लांब करून उभा असलेला सांगाडा दिसतो ना, त्याच्या मानेजवळ काचेची एक पेटी असते. ती त्याची केबिन. साइटवर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणतात. "वरच्याच्या मनात असेल तर आज सळया येतील," "वरच्याला आधी विचारा," असं दिवसभर चाललेलं असतं, आणि नवीन आलेल्या मजुराला वाटतं, इथली माणसं भारीच देवभोळी आहेत. घरी मात्र ‘तो वर गेला’ असं म्हणायची सोय नाही. माझी बायको हे शब्द उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. सकाळी तो निघाल्यावर कोणी विचारलं, तर ‘कामाला गेला’ म्हणायचं.

मी त्याच क्रेनच्या खाली उभा असतो. सिग्नलमन म्हणतात आम्हाला. काँक्रीटची बकेट कुठे उतरवायची, सळयांचा भारा किती फिरवायचा, हे मी वॉकीटॉकीवर सांगतो आणि तो तसं करतो. भिंतीआड किंवा खड्ड्यात काय चाललंय, ते त्याला तिथून दिसत नाही. तिथे माझी जीभ म्हणजे त्याचे डोळे. "हळू… हळू… वीतभर डावीकडे… अजून थोडं… बस." बायको म्हणते, इतक्या गोड आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नाहीत. खरं आहे. तिच्या हातात दोन टनांची बकेट कधी नव्हती.

हा माणूस वर बसला की त्याला तोड नाही. खिडक्यांच्या काचांची पेटी त्याने मोकळ्या सहाव्या मजल्यावर अशी टेकवलेली मी पाहिली आहे, की खालची धूळही उडाली नाही. पण जमिनीवर आला की त्याचं सगळं अवघड. चाळिशी उलटली, लग्न जमलं नाही, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतो. दुकानात पाठवलं की सांगितलेलं सोडून भलतंच घेऊन येतो. रस्ता ओलांडताना माझी बायको अजून त्याचं मनगट धरते आणि तो धरू देतो. विशीत जो त्या पेटीत जाऊन बसला, तो खाली कसं जगायचं हे शिकलाच नाही. एकदा मीच त्याला चिडवलं, की तू म्हातारा झालास की तुला क्रेनसकट पेन्शनीत काढावं लागेल. तो हसला नाही. "ते बरं होईल," म्हणाला.

आता एका नाजूक विषयाला हात घालतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. लघवी.

क्रेनच्या खांबाच्या आतून शिडी असते. एक टप्पा, मग लोखंडी जाळी, मग पुढचा टप्पा, असं करत माणूस वर पोचतो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असतो. खाली उतरून मोकळं होऊन परत चढायचं, तर पाऊण तास जातो, आणि तेवढा वेळ सगळी साइट तोंडाकडे बघत बसते. ट्रकमधलं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं. म्हणून बहुतेक ऑपरेटर एक रिकामी बाटली जवळ ठेवतात आणि विषय संपवतात. आमचा पडला सोवळा. "जिथे डबा खायचा तिथे हे नाही," हे एक. शिवाय केबिनला चारी बाजूंनी काच, आणि समोरच्या इमारतीत कुठलं तरी ऑफिस. तिथल्या बायका खिडकीशी उभ्या राहून फोनवर बोलतात. त्या आपल्याकडेच बघतात अशी ह्याची पक्की समजूत.

तेव्हा त्याने उपाय काढला, की प्यायचंच नाही. पाणी बंद केलं, चहा बंद केला. पण दुपारी जेवणानंतर काचेतून ऊन आत येतं, क्रेन हळूच डुलत असते, आणि चहाशिवाय डोळे मिटायला लागतात. म्हणून तो एनर्जी ड्रिंककडे वळला. आधी उंच डबे घ्यायचा, पण त्यांतही पाणी भरपूर, म्हणजे पुन्हा तीच पंचाईत. मग गेटसमोरच्या दुकानात, गल्ल्याशेजारी ठेवलेल्या छोट्या बाटल्या त्याला सापडल्या. अंगठ्याएवढी बाटली, वर उडी मारणाऱ्या चित्त्याचं चित्र.

"दाजी," तो मला म्हणाला, "ह्यात चार-पाच कप चहाची तरतरी आहे आणि पाणी फक्त घोटभर. उतरायलाच नको."

इतक्या अभिमानाने सांगितलं, की जणू शिडीच काढून टाकली त्याने.

सुरुवातीला तर सगळ्यांचीच चांदी झाली. त्याचा हात पूर्वीपेक्षा झपाट्याने चालायला लागला. साइटचे इंजिनिअर साहेब, जे कौतुक करायला सहसा तोंड उघडत नाहीत, तेही म्हणाले, "वरचा पेटलाय." पेटलाच होता. त्याच सुमारास दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर दुसरीकडे चांगली जागा मिळाली म्हणून सोडून गेला आणि त्याचंही बरंचसं काम आमच्याच माणसाच्या गळ्यात आलं. सकाळी चढताना एक बाटली, जेवणानंतर एक, उन्हं उतरली की एक. पुढे पुढे मोजायचं त्याने बंद केलं असावं. त्याच्या पँटचा खिसा नेहमी वाजायचा.

घरी आल्यावर हा माणूस थकलेला असायचा पण झोपत नसायचा. माझी बायको सकाळी त्याच्या खोलीत चहा घेऊन जायची, तर चादरीला सुरकुती नसायची आणि हा पलंगाच्या कडेला बुटांच्या नाड्या बांधत बसलेला. जेवण अर्धं टाकायचा. छातीत जळजळ म्हणायचा आणि गोळी चघळायचा. जबडा असा आवळून धरायचा की कानाजवळची शीर दिसायची. आणि मुख्य म्हणजे चिडायला लागला. हा माणूस कधी कोणाला अरेला कारे न करणारा. एकदा मी वॉकीटॉकीवर "हळू" दोनदा म्हणालो, तर वरून आवाज आला, "दाजी, एकदा सांगितलेलं कळतं मला." सगळ्या साइटने ऐकलं. मी म्हटलं, ब्रह्मचाऱ्याला उशिराने शिंगं फुटली असतील.

मग एक दिवस सकाळी सकाळी तो म्हणाला, "दाजी, टॉवर हलतोय."

"हलणारच," मी म्हटलं. टॉवर क्रेन डुलते. डुलली नाही तर मोडेल. हे त्याला मी सांगावं असं काही नाही.

"तसा नाही. बारीक थरथरतोय. बोल्ट सैल झालाय कुठला तरी."

आमच्या धंद्यात ह्या वाक्याला कोणी हसत नाही. ऑपरेटर ‘थरथरतोय’ म्हणाला, की काम बंद. फिटर मोठा पाना घेऊन चढला आणि पायापासून वरपर्यंत एकेक बोल्ट आवळून आला. एकही फिरला नाही. आठवडा झाला नाही, तोच पुन्हा तेच. ह्या वेळी बाहेरून तपासणीवाले आले, यंत्रं लावून बसले, आणि सगळं ठीक असल्याचं सांगून गेले. काँक्रीटचे ट्रक परत पाठवावे लागले. साहेबांचा चेहरा पडला. "वरच्याचाच बोल्ट सैल झालाय," असं कोणीतरी मागे म्हणालं, आणि मला राग आला, कारण एवढी वर्षं त्याच्या शब्दावर मी हुकाखाली डोकं दिलंय. तो म्हणतो हलतंय, म्हणजे हलत असणार.

तिसऱ्यांदा त्याने सांगितलं तेव्हा फिटरबरोबर मीही चढलो.

केबिन म्हणजे एक खुर्ची, दोन लिव्हर आणि गुडघे ठेवायला जागा. आम्ही दोघं दारात दाटीवाटीने उभे राहिलो. क्रेन बंद होती. आत उकाडा आणि गोड औषधासारखा वास. तो वळला, डोळे लाल, पण उत्साहात.

"आता बघा. लागतंय ना पायाला?"

मी खाली बसून जमिनीला तळहात लावला. काही लागेना. फिटरनेही लावला.

"लिव्हर बघा मग, लिव्हर," तो म्हणाला. त्याने ती धरली होती आणि ती खरंच थरथरत होती. वाऱ्यावर पातळ पत्रा थरथरतो तशी. फिटरने पुढे होऊन त्याची बोटं हलकेच सोडवली. लिव्हर स्तब्ध. मेहुण्याने पुन्हा हात ठेवला. थरथर सुरू.

खिडकीशी बायकोने दिलेली पाण्याची बाटली होती, सकाळपासून न उघडलेली. तिच्यातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. मी त्या पाण्याकडे बघत होतो, फिटर बघत होता, आणि मग तोही बघायला लागला. त्याचा गुडघा लोखंडावर टकटक आपटत होता. त्याने गुडघ्यावर हात दाबला, तर हात हलायला लागला.

एवढी वर्षं त्या पेटीत बसून त्याला आपलं अंग कुठे संपतं आणि क्रेन कुठे सुरू होते, हेच कळेनासं झालं होतं. छातीतली धडधड त्याला मोटरची वाटत होती. स्वतःचं कापरं त्याने लोखंडात शोधलं आणि आम्ही पाने घेऊन ते लोखंडात शोधत फिरलो. खुर्चीमागे कोपऱ्यात त्या चित्तेवाल्या बाटल्या पडल्या होत्या. कोणी झाडून एकत्र केल्यासारखा ढीग होता.

फिटर भला माणूस. "मी सांगतो, बोल्ट ठीक आहेत म्हणून," एवढंच म्हणाला आणि उतरायला लागला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"दाजी," मेहुणा हळू आवाजात म्हणाला, "हे मेडिकलमध्ये कळलं तर मला उतरवतील."

आमच्याकडे ऑपरेटरची दर वर्षी तपासणी होते. छाती, डोळे, रक्तदाब. कंपनीची डॉक्टर सही करते, तेव्हाच पुढचं वर्ष ती खुर्ची तुमची. मी त्याला म्हटलं, "तू हे सोड, मग कोणाला काही कळायचं कारण नाही." मला तेव्हा हे फार सोपं वाटलं होतं.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. माझं एक आहे, बाहेरच्या गोष्टी मी पोटात ठेवू शकतो, पण ताटासमोर बसलो की त्या बाहेर येतात. तिने ऐकलं, उठली, त्याच्या खोलीत गेली आणि त्याची बॅग उलटी केली. बाटल्या फरशीवर घरंगळल्या. ती ओरडली नाही. "उद्यापासून एकही नाही," म्हणाली. त्याने मान हलवली. त्याला तिचं ऐकायची लहानपणापासूनची सवय. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं.

त्याने खरंच सोडलं. एकदम, एका फटक्यात. आणि मग जे सुरू झालं ते आधीपेक्षा वाईट. डोकं असं दुखायचं की तो कपाळाला ओला टॉवेल आवळून बांधायचा आणि वर हेल्मेट घालायचा. उलट्या झाल्या. पण ते काहीच नव्हे. एक दिवस दुपारी सळयांचा भारा हवेत लटकलेला, त्याच्याखाली रस्ता मोकळा करत मी म्हणालो, "फिरव उजवीकडे." भारा जागचा हलेना. पुन्हा म्हणालो. पुन्हा. मग वॉकीटॉकीत एक श्वास ऐकू आला, लांब, संथ. तो झोपला होता. मी त्याचं घरातलं लाडाचं नाव घेऊन ओरडलो, जे साइटवर कोणाला माहीत नव्हतं. "हां, दाजी," तो दचकून म्हणाला, आणि भारा फिरायला लागला.

चार-पाच दिवसांनी त्याचा आवाज एकदम तरतरीत झाला. मी खूश. संध्याकाळी गेटवर त्याच्या अंगाला तो गोड वास आला आणि माझी खुशी जिरली.

"पुन्हा?" मी विचारलं.

"घेतली तर थरथरतो, नाही घेतली तर झोपतो," तो म्हणाला. "थरथरणारा बरा की झोपलेला, ते तुम्हीच सांगा."

मी त्याला म्हटलं, सुट्टी माग. त्याने मागितली. साहेब म्हणाले, "दुसरा ऑपरेटर मिळेपर्यंत कशी देऊ? हा स्लॅब होऊ दे, मग हवी तेवढी घे." तो स्लॅब झाला. त्याच्यावर दुसरा आला. इमारत म्हणजे स्लॅबवर स्लॅबच असतात. सुट्टीचं खरं कारण सांगावं तर खुर्ची जाते, आणि खोटं कारण कोणी ऐकून घेत नाही. घरी बहिणीला तो ‘सोडलं’ म्हणून सांगत होता आणि बाटल्या केबिनमधल्या हत्यारांच्या पेटीत ठेवत होता, जिथे ती कधी पोचणार नव्हती. दिवसेंदिवस तो वॉकीटॉकीवर कमी बोलायला लागला. एकदा त्याने मध्येच विचारलं, "दाजी, तुमच्या छातीत कधी मासा उडी मारल्यासारखं होतं का?" मी नाही म्हणालो. "मग काही नाही," म्हणाला.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी सातव्या मजल्याच्या स्लॅबचं काम चालू होतं. सकाळची वेळ, ऊन नुकतं तापायला लागलेलं. मी स्लॅबवर उभा होतो, आजूबाजूला काँक्रीट पसरणारे सात-आठजण. भरलेली बकेट आमच्याकडे येत होती. टेकायच्या आधीच ती थांबली.

"दाजी." आवाज इतका बारीक, की मी वॉकीटॉकी कानाला चिकटवला. "श्वास पुरत नाहीये. छातीत कोणीतरी पळतंय."

मी माणसांना हातानेच मागे व्हायला सांगितलं. बकेट आमच्या डोक्यावर थोडी पुढे होती. तिथून ती सुटली असती तर स्लॅबसकट आम्ही खालच्या मजल्यावर गेलो असतो.

"बकेट दिसतेय तुला?"

"दिसतेय. दोन दिसतात."

"दोन्ही घे मागे," मी म्हटलं. का कोणास ठाऊक, मला चेष्टाच सुचली. "हळू. तुझ्या बाजूला. अजून. अजून. आता खाली सोड. हळू. हळू, बाळा. अजून. अजून वीतभर. बस."

बकेट मोकळ्या जमिनीवर टेकली. नेहमीसारखी, धूळ न उडवता. मग वॉकीटॉकीत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि नंतर नुसती खरखर.

खाली सगळे जमले. साहेब धावत आले. "माणसं उचलायचा पिंजरा लावा हुकाला, पिंजऱ्यात घालून उतरवा त्याला," ते म्हणाले. आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. पिंजरा हुकाला लावता येतो, हुक क्रेन उचलते, आणि क्रेन चालवणारा एकच माणूस होता. तो वर पडला होता. ती क्रेन त्या साइटवरच्या कोणालाही उतरवू शकली असती, त्याला सोडून.

फिटर आणि मी दोर आणि जादा सेफ्टी बेल्ट घेऊन चढलो. तो केबिनच्या जमिनीवर दुमडून बसला होता, कारण आडवं व्हायला तिथे जागाच नाही. ओठ पांढरे, गळ्याजवळची शीर वेड्यासारखी उडत होती, कधी भरभर, कधी मध्येच विसरल्यासारखी. शुद्धीवर होता. "उतरवू नका," पहिलं हेच म्हणाला. "थोड्या वेळात होईन ठीक." मी त्याच्या कमरेला बेल्ट बांधला. फिटरने वरून दोर धरला, मी त्याच्याखाली शिडीवर राहिलो आणि त्याचा एकेक पाय हाताने धरून दांडीवर ठेवत गेलो. "डावा सोड. हळू. हळू. अजून. बस. आता उजवा." मध्ये एका जाळीवर तो रडायला लागला. आवाज न करता, नुसतं पाणी. मी रागावलो त्याच्यावर. रागावलो नसतो तर मीही रडलो असतो, आणि मग आम्हा दोघांना कोणी उतरवलं असतं?

साइटला लागूनच कंपनीचा दवाखाना होता. तिथे त्याच्या छातीला वायरी लावल्या, सलाइन चढवलं. बायकोला मी फोन केला होता, ती येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, कमी बोलणारी. तिने कागदाच्या पट्टीकडे बराच वेळ बघितलं.

"ठोके आता पुष्कळ ताळ्यावर आलेत," ती म्हणाली. "मध्ये मध्ये अजून चुकतात. रक्तदाब जास्त आहे. शरीरात पाणी अगदी कमी झालंय. ऊन आणि उपास एवढ्यानेही होऊ शकतं हे. बाकी काही घेता का? तंबाखू, दारू, कॉफी, एनर्जी ड्रिंक?"

"चहा," तो म्हणाला. "दोन कप."

डॉक्टरने लिहिलं. बायको त्याच्या उशाशी उभी होती, मी पायथ्याशी. त्याने माझ्याकडे बघितलं. कामावर तो मला रोज वरून ‘आता कुठे टेकवू?’ असं विचारायचा, तशी ती नजर होती. ह्या वेळी तो खाली पडलेला आणि त्यालाच कुठे टेकवायचं ते मला सुचत नव्हतं. दोन कप चहा म्हटलं की दोन दिवस आराम, मग सही, मग पुन्हा ती काचेची पेटी. खरं बोललं की सगळं संपलं. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही, कारण त्याआधीच बायको बोलली.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली.

मग तिने त्याच्या पँटच्या खिशात हात घातला, जसा तो लहान असताना घालत असेल, आणि एक रिकामी, एक भरलेली अशा दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. "अशा दिवसाला किती घेतो ते ह्यालाही माहीत नसेल. मला सांगत होता की सोडल्या. डॉक्टर, माझा भाऊ वर बसतो आणि माझा नवरा त्याच्या हुकाखाली उभा राहतो. मला दोघंही हवेत. सही करू नका."

डॉक्टरने बाटली उचलून मागचं बारीक लिहिलेलं वाचलं. मग खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. ती ओरडली नाही, समजावूनच सांगत होती. ह्या एका घोटात जेवढं कॅफीन आहे, तेवढं चहातून घ्यायचं तर माणूस कप मोजत बसेल. संध्याकाळी घेतलेल्यातलं निम्मं झोपायच्या वेळी अंगातच असतं, म्हणून झोप नाही. झोप नाही म्हणून सकाळी जास्त लागतं. वर पाणी नाही, पोट रिकामं. हृदयाला किती दामटायचं त्याला मर्यादा आहे. आणि एकदम सोडलं की डोकं दुखणार, ग्लानी येणार, तेव्हा थोडं थोडं कमी करायचं, घरी बसून. हात स्थिर व्हायला हवेत, ठोके नीट व्हायला हवेत, मग पुन्हा तपासू. तोवर क्रेन नाही.

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?" त्याने विचारलं.

"ते आत्ता नाही सांगता येणार. कदाचित परत बसाल. कदाचित नाही."

डॉक्टर बाहेर गेली. तो छताकडे बघत होता. तसाच म्हणाला, "ताई, मला खाली काहीसुद्धा येत नाही. तुला माहीत होतं हे."

"माहीत होतं," ती म्हणाली.

"तरी बोललीस."

तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. त्याने मान फिरवली. माझी बायको सहसा रडत नाही, तेव्हाही रडली नाही. "रागव माझ्यावर," ती म्हणाली. "जन्मभर रागव. पण जिवंत राहून रागव."

त्याने तिचं ऐकलं, नेहमीसारखं. तेव्हापासून तो तिच्याशी एक शब्द बोललेला नाही. जेवताना मीठ हवं असेल तर मला सांगतो, "तिला सांगा." मी सांगतो, जरी ती हाताच्या अंतरावर बसलेली असते. आता वर दुसरा ऑपरेटर आलाय. बरा आहे, पण मला त्याला प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागते. ह्याच्या दोन तपासण्या झाल्या. ठोके सुधारले, हात अजून थोडा हलतो, सही अजून झालेली नाही. रात्री झोप लागते त्याला. मला तसं तो सांगत नाही, भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येतं.

दिवसा तो कुठेतरी फिरतो. साइटच्या कुंपणाशी उभा असतो असं फिटर म्हणाला. संध्याकाळी घरी येतो, कोणाकडे न बघता मागच्या खोलीत जातो आणि दार असं आपटतो की भांडी हलतात. मी चिडतो. बायको तेवढ्यापुरतं हातातलं काम थांबवते, दार वाजलेलं ऐकते, ‘आला,’ म्हणते, आणि पुन्हा कामाला लागते.